डाव्या कोपऱ्यातला ओघळ

डेरिकने बादलीवर कापड पिळलं आणि त्यातून निघालेल्या पाण्याला पिवळट झाक होती. कॅझने ती पाहिली तेव्हा त्याच्या हातात कॉफीचा कागदी पेला होता आणि त्याला आधी काहीच कळलं नाही. गवतावर दव होतं, त्याचे बूट ओले झाले होते, मैदानावर जुन्या गाड्या रांगेने लागत होत्या. कुणीतरी थंड इंजिन सुरू करून लगेच बंद केलं. मग त्याची नजर उघड्या बॉनेटखाली गेली. इंजिनाच्या मागे जी उभी पत्र्याची भिंत असते तिच्या उजव्या अंगाला, वायपरच्या मोटारीखाली, जांभळा रंग स्वच्छ होता. नको तितका स्वच्छ होता. "जरा पुसून घेतलं," डेरिक म्हणाला. "ट्रेलरमध्ये धूळ बसली होती सगळीकडे. आणि तिथे कसले तरी खडूचे फराटे होते, तेही गेले. थोडं घासावं लागलं. आता बघा काका, कशी दिसतेय." तो खुशीत होता. टोलीडोला त्याची टायरची तीन दुकानं होती, माणूस मनाने मोकळा होता, आणि आज पहाटे उठून त्याने आपल्या गाडीची सेवा केली होती. कॅझने कॉफीचा घोट घेतला. ती फार गरम होती, जीभ भाजली, तरी त्याने तो तोंडात धरून ठेवला. गिळला की काहीतरी बोलावं लागलं असतं.

"काय झालं?" डेरिकने विचारलं. कॅझ म्हणाला, "ती खूण होती." "कसली खूण?" "तपासणीची. कारखान्यात लाइनवर गाडी तपासून झाली की मेणखडूने खूण करायचे. ती असावी लागते." डेरिक वाकून त्या पुसलेल्या जागेकडे पाहू लागला, जणू नीट पाहिलं तर ती परत दिसेल. "मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. गाडी रंगवून ताब्यात देताना कॅझने त्याला सगळं सांगितलं होतं. खालचा रंग मुद्दाम अर्धवट का मारलाय, दाराच्या कडांना चकाकी का नाही, डिकीच्या आत रंग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत का ठेवलाय, आणि त्याला हात लावायचा नाही, पॉलिश तर मुळीच करायचं नाही. खुणेबद्दल मात्र तो बोलला नव्हता. बोलायला गेला असता तर बर्निसबद्दल बोलावं लागलं असतं.

जुन्या गाड्यांच्या या धंद्यात नवीन आलेल्या माणसाला पहिल्यांदा सगळं उलटंच वाटतं. डेरिकलाही वाटलं होतं. इतके पैसे देऊन गाडी नवी करून घ्यायची आणि वर रंगाला ओघळ हवेत, फवाऱ्याचा धुरळा हवा, हे काय. पण इथल्या स्पर्धेत परीक्षक गाडी सुंदर आहे का ते बघत नाहीत. ती सत्तर साली कारखान्याच्या दारातून जशी बाहेर पडली तशी आहे का, ते बघतात. आणि बाहेर पडली ती घाईत पडली होती. रंगारी कंटाळलेले होते, काहींना आदल्या रात्रीची उतरलेली नव्हती, गाड्या थांबत नव्हत्या. गाडीच्या पोटाला मारायचा करडा रंग म्हणजे दिवसभरातल्या उरलेल्या रंगांची खिचडी असायची, रोज निराळी. आज लोक तो करडा जुळवायला कॅझकडे लांबून येत आणि तो जुळवून द्यायचा, कारण तो मुळात ढवळायचा तोच. तेव्हा एकविसाव्या वर्षी त्याने ज्या कामाची लाज बाळगली होती तेच काम सत्तरीत तो जपून, भिंगातून बघून, पुन्हा करत होता. बर्निस म्हणायची, "तेव्हा हात सरळ चालवला असतास तर आज वाकडा चालवायला एवढे कष्ट पडले नसते, रंगाऱ्या."

ती त्याला पहिल्यापासून रंगाऱ्याच म्हणत आली. ती तपासणीवर होती, रंगाच्या भट्टीतून गाडी बाहेर आली की पुढच्या वळणावर. ओघळ दिसला की त्याच्याभोवती पिवळ्या मेणखडूने गोल काढायचा, गाडी बाजूला घ्यायची. सगळं ठीक असेल तर आतल्या भिंतीवर आपली खूण. प्रत्येकाची खूण निराळी. तिची मासे धरायच्या गळासारखी होती आणि खाली एक आडवी रेघ. कॅझच्या गाड्यांवर तेव्हा गळ कमी आणि गोल जास्त असायचे. एकदा ती हातमोजे काढून तावातावाने त्याच्या रंग फवारायच्या खोलीपर्यंत आली होती. फवाऱ्याच्या धुक्यात तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, फक्त डोक्याला बांधलेला रुमाल. "तुझ्या आईने तुला भिंती सारवायला तरी शिकवलंय का?" तो म्हणाला होता, "शिकवलंय, पण भिंत जागेवर उभी राहते, बाई. पळत नाही." ती हसली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याने एका गाडीवर मुद्दाम ओघळ सोडला, ती येईल म्हणून. ती आली नाही. तिने गोल काढला आणि गोलाच्या आत दोन ठिपके आणि एक वाकडं तोंड काढलं. फोरमनने ते पाहिलं आणि दोघांनाही बोलावून घेतलं. लग्नात तिच्या भावाने हीच गोष्ट सगळ्यांना सांगितली, आणि पुढे प्रत्येक नामकरणात, प्रत्येक मयतात सांगत राहिला. या मार्च महिन्यातही, तिला पोचवून आल्यावर, त्याने ती सांगितली, चर्चच्या तळघरात, कोबीच्या भाजीचं ताट हातात घेऊन, आणि शेवटाला पोचायच्या आधीच थांबला.

"काका, माझ्याकडे फोटो आहे," डेरिक म्हणत होता. "गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी मी सगळीकडचे काढले होते. हे बघा." त्याने फोन पुढे केला. कॅझने चष्मा लावला नाही. "मोठा पण करता येतो. बघून पुन्हा काढा ना, दोन मिनिटांचं काम. फराटाच तर आहे." रांगेच्या पलीकडच्या टोकाला मर्ल टॅन्सी दिसत होता. डोक्यावर गवती टोपी, एका हातात कागद लावलेली पाटी आणि दुसऱ्यात लांब दांडीचा आरसा, गाडीच्या पोटाखाली घालून बघायला. मर्ल या मैदानावर कित्येक वर्षं परीक्षक होता. सकाळी भेटला तेव्हा तो कॅझचा हात जरा जास्त वेळ धरून म्हणाला होता, "ऐकलं रे. यायचं राहून गेलं." आता तो एका पिवळ्या गाडीसमोर गुडघ्यावर बसला होता आणि त्या गाडीचा मालक हात मागे बांधून शाळेतल्या मुलासारखा उभा होता. मध्ये फार गाड्या नव्हत्या. "ते इथे यायच्या आत उरकू," डेरिक आवाज खाली आणून म्हणाला. "गेल्या वर्षी कुणाचं तरी अर्ध्या गुणाने सुवर्ण गेलं म्हणतात. अर्ध्या गुणाने, काका."

कॅझने हत्यारांची पेटी उघडली. मेणखडू वरच्या कप्प्यातच होता, कागद सोलून अर्धा संपलेला. तो बोटांत धरला तेव्हा त्याला आपल्या बोटांची भीती वाटली. बघून काढायचं, एवढंच. आयुष्यभर त्याने दुसरं काय केलं होतं? जुनी गाडी आली की रंग खरवडण्याआधी तो तिचा कोपरान् कोपरा तपासायचा, कुठे कुणी खडूने काही लिहिलंय, कुठे रंगाचा ठिपका दिलाय, त्याचे फोटो काढायचा, आणि मग वर्षभराने नव्या रंगावर त्या मेलेल्या नाहीतर म्हातारपणी फ्लॉरिडाला जाऊन बसलेल्या माणसांच्या खुणा जशाच्या तशा उतरवायचा. त्याने कधी विचार केला नव्हता की या खुणेवरून कुणी कुणाला ओळखत असेल. त्याने नव्याने रंगवलेल्या पहिल्या गाडीवर बर्निसची खूणसुद्धा त्यानेच काढली होती, आठवणीने, मोठ्या कौतुकाने तिला दाखवायला बोलावलं. तिने कणकेचे हात पुसत पुसत पाहिलं. "हे कोंबडीने काढलंय का?" असं म्हणून एप्रनने ती पुसून टाकली आणि खडू मागितला. पण काढली मात्र नाही लगेच. आधी सगळी गाडी फिरून बघितली, दारं उघडली, पत्र्यावरून उलटा हात फिरवला, आणि मगच. तेव्हापासून गॅरेजमधून बाहेर पडलेल्या जवळजवळ प्रत्येक गाडीवर तिने स्वतः खूण केली आणि त्याआधी प्रत्येक गाडी तपासली. ती म्हणायची, बघितल्याशिवाय खूण करायची नसते, तेवढ्यासाठी तर पगार मिळायचा. इथल्या लोकांना हे माहीत होतं. ती घडीची खुर्ची घेऊन गाडीशेजारी विणत बसायची आणि मर्ल येऊन म्हणायचा, "बाईसाहेब, पास आहे का मग?"

आणि यावरूनच नवराबायकोची भांडणं व्हायची. लोकांना वाटायचं ती गंमत आहे. बाहेरून ती गंमतच दिसायची. पण घरात कधी कधी दोन दोन दिवस अबोला असायचा, आणि कारण एवढंच की कॅझने एखाद्या गाडीच्या भिंतीवर ओघळ काढलेला असायचा, मूळच्या फोटोत होता म्हणून, आणि ती म्हणायची, हा मी सोडला नसता. तो म्हणायचा, कुणीतरी सोडला ना, फोटो आहे. "कुणीतरी म्हणजे कोण? त्या वळणावर आम्ही दोघी होतो, मी आणि ती लूसिल. लूसिलने सोडला असेल." "असेल." "असेल असं तोंडातल्या तोंडात म्हणू नकोस." तिचं म्हणणं काय होतं ते त्याला उशिरा कळलं. ज्या चुकांसाठी परीक्षक गुण देत होते त्या प्रत्येक चुकीचा अर्थ असा होता की त्या दिवशी तपासणीवरची बाई बघत नव्हती. कॅझच्या हातून रंग ओघळला ही गोष्ट जुनी, हसण्यावारी नेण्यासारखी होती. रंगारी चुकणारच. तिने ती बघितली नाही, ही गोष्ट तो पुन्हा पुन्हा, जपून, बारीक ब्रशने पत्र्यावर लिहीत होता आणि त्याला चषक मिळत होते. असा ओघळ असलेल्या गाडीवर ती खूण करायची नाही. मग तो लूसिलची खूण काढायचा, तिचा उलटा त्रिकोण, आणि बर्निस जेवताना म्हणायची, "बिचारी लूसिल. सगळं तिच्याच माथी."

ही जांभळी गाडी आली तेव्हा तिचं दुखणं सुरू झालेलं होतं. गाडी त्यांच्याच कारखान्यातली, त्यांच्याच पाळीतली निघाली, दारावरच्या पट्टीवर तारीख होती. धुळीचे थर काढल्यावर भिंतीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ओघळ सापडला, बोटभर लांब, टोकाला थेंब गोठलेला. आणि उजवीकडे, वायपरच्या मोटारीखाली, मेणाचा पिवळा अंश. आकार उरला नव्हता. गळ असेल, त्रिकोण असेल. कॅझने तिला बोलावलं नाही. ती आपणहून आली, पाहिलं आणि परत घरात गेली. त्याने रंग खरवडला, अस्तर मारलं, जांभळा मारला, आणि शेवटी वरच्या डाव्या कोपऱ्यात रंग फवारायच्या गनचं तोंड क्षणभर जास्त थांबवून तो ओघळ पुन्हा सोडला. थेंब बरोबर जमला. त्या दिवसांत घरात जमण्यासारखं दुसरं काही नव्हतं. फेब्रुवारीत एका दुपारी ती रात्रीच्या झग्यावर त्याचा कोट घालून गॅरेजमध्ये आली. बाहेर बर्फ होतं, ती अंगणातून एकटीच चालत आली होती, तिच्या सपाता भिजल्या होत्या. "खडू दे," म्हणाली. "बर्निस, नंतर कर. थंडी आहे." "दे म्हणते ना." तिने गाडीच्या मडगार्डवर एक हात टेकला. पूर्वीसारखी ती गाडीभोवती फिरली नाही. फिरणं होण्यासारखं नव्हतं. ती फक्त बॉनेटखाली पाहत उभी राहिली. कॅझ तिच्या मागे होता, ती पडली तर धरायला, म्हणून तिचं तोंड त्याला दिसलं नाही. त्याला तिची पाठ दिसत होती, कोटाची कॉलर आणि तिच्यावर आलेले विरळ केस. ती बराच वेळ उभी होती. मग तिने हात लांब केला आणि गळ काढला, खालची रेघ काढली. रेघ थरथरत गेली आणि टोकाशी खाली आली. "झालं," ती म्हणाली. "चल आत. पाय गारठले."

त्याने विचारलं नाही. तेव्हापासून तो स्वयंपाकघरात उभा असताना, चर्चमध्ये, बँकेच्या रांगेत, एकाच जागी येऊन अडत होता. डोळे तर तिचे नोव्हेंबरपासूनच अधू झाले होते. औषधांमुळे, डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे डावा कोपरा तिला दिसलाच नसेल. तिने जन्मात पहिल्यांदा न बघता खूण केली असेल, थंडीत, एकदाचं उरकून टाकायला. असं मनात आलं की त्याला तिचा राग यायचा आणि मग स्वतःचा. पण दिसला असेल तर? तर सत्तर सालचा तो ओघळ तिने पदरात घेतला होता. हो, मीच सोडला तो, लूसिलने नाही, असं म्हणून. किंवा तसंही नसेल. त्याच्याकडे पाठ करून ती एवढा वेळ उभी होती ती कदाचित हाच विचार करत असेल की याला गोल काढून दाखवावा की जाऊ द्यावं. आणि जाऊ दिलं. इतक्या वर्षांत जाऊ न दिलेलं, तेव्हा जाऊ दिलं. गाडी डेरिकने नेली तोपर्यंत तो रोज बॉनेट उघडून त्या थरथरत्या रेघेकडे बघत बसायचा. तिथे उत्तर नव्हतं, तरी ते जिथे असायला हवं ती जागा होती.

"काका." डेरिकने हाक मारली. मर्ल आता शेजारच्या हिरव्या गाडीपाशी आला होता, त्याचा आरसा गवतावर टेकलेला दिसत होता. कॅझ बॉनेटखाली वाकला. इंजिनाला नव्या तेलाचा वास होता आणि त्यात डेरिकच्या साबणाचा लिंबासारखा वास मिसळला होता. त्याने खडूचं टोक पत्र्याजवळ नेलं. हात ओळखीने गळाच्या वळणाकडे निघाला, कारण ते वळण त्याच्या हाताला पाठ होतं, जवळजवळ पाच दशकं तो ते बघत आला होता. पण पाठ होतं ते तिचं चांगल्या दिवसांतलं, एका झटक्यातलं, वर जाऊन खाली येणारं. शेवटचं कसं होतं? गळ आधी रुंद होता की मागून रुंद झाला होता? त्याला रेघेची थरथर आठवत होती, गळ आठवत नव्हता. रोज बघूनही आठवत नव्हता. "फोटो धरू का समोर?" डेरिकने फोन इंजिनावर धरला. त्या उजळ काचेत जांभळ्यावर पिवळं काहीतरी होतं, कॅझने ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि मान फिरवली. फोटोवरून काढली तर ती हुबेहूब निघेल, हे त्याला माहीत होतं. तो थरथरही काढू शकत होता. थरथरणाऱ्या हातांच्या खुणा त्याने पूर्वीही काढल्या होत्या, शांत हाताने. मर्ल बघेल, ओळखेल, कदाचित टोपी काढेल. आणि तिने बघितलं की नाही बघितलं, सोडून दिलं की दिसलंच नाही, यातलं काहीही ठाऊक नसताना कॅझने तिच्या वतीने पास म्हणून टाकलेलं असेल. जिथे तिचं म्हणणं होतं तिथे त्याचं म्हणणं असेल, तिच्या अक्षरात.

"तुम्हाला जमत नसेल तर द्या, मी काढतो," डेरिक म्हणाला आणि त्याने कॅझच्या बोटांतून खडू हळूच काढून घेतला. रागाने नाही, म्हाताऱ्या माणसाच्या हातातून सुई घेऊन दोरा ओवून द्यावा तसा. एका हातात फोन, एका हातात खडू, तो वाकला. कॅझने त्याचं मनगट धरलं. फार जोरात धरलं असावं, कारण डेरिकच्या तोंडून श्वास बाहेर पडला. "लागतंय काका." "ठेव तो." "अहो, पण आपली..." "डेरिक. ठेव." कॅझचा आवाज चढला नव्हता. हिरव्या गाडीच्या मालकाने मात्र वळून बघितलं. डेरिकच्या मानेवर लाली चढली. तो हळू आवाजात म्हणाला, "दोन वर्षं थांबलोय मी या दिवसासाठी. चुकलं माझं, कबूल आहे. पण मला काय माहीत? तुम्हीच म्हणालात, सगळं जसं होतं तसं पाहिजे. आता ते तसं नाहीये, आणि तुम्ही करू पण देत नाही." त्याचं खरं होतं. कॅझने मनगट सोडलं. त्यावर त्याच्या बोटांचे पांढरे वण उठले होते आणि ते हळूहळू लाल होत गेले. "ती माझ्या बायकोने काढली होती," तो म्हणाला. डेरिक त्याच्याकडे बघत राहिला, मग त्या स्वच्छ जागेकडे, मग बादलीकडे. तेवढ्यात मर्लची सावली मडगार्डवर पडली.

"काय कॅझबुवा," मर्ल म्हणाला. "करायची का सुरुवात?" तो गुडघ्यावर बसला, आरसा खाली घातला, बॅटरी लावली. करड्याचा धुरळा बघितला, दाराच्या कडा बघितल्या, डिकी उघडायला लावली, बंद करायला लावली. प्रत्येक वेळी पाटीवर काहीतरी टिपायचा. डेरिक त्याच्या मागे मागे फिरत होता. मग मर्ल बॉनेटपाशी आला. बॅटरीचा उजेड डाव्या कोपऱ्यात गेला, ओघळावर थांबला, थेंबापर्यंत खाली आला. "हा मूळचा?" "मूळचा होता. मी पुन्हा केला." "झकास." उजेड उजवीकडे सरकला. मोटार, तारा, मोटारीच्या खाली. तिथे तो थांबला. मर्लने कॅझकडे पाहिलं नाही. त्याने उजेड जरा जवळ नेला, मग लांब, जसा माणूस रिकाम्या खोलीत दिवा फिरवतो. "खूण नाही," तो म्हणाला.

डेरिकने खाली बघितलं. कॅझला वाटलं, आता तो सांगेल, मी पुसली, फोटो आहे. डेरिकने फोन खिशात सरकवला.

"त्या दिवशी तपासणीवर कुणी नव्हतं," कॅझ म्हणाला.

मर्लने बॅटरी विझवली. गवती टोपीखाली त्याचे डोळे दिसत नव्हते. शेजारच्या रांगेत सॉसेज भाजायला सुरुवात झाली होती, धूर त्यांच्या अंगावरून गेला. "व्हायचं असं?" त्याने विचारलं. तो परीक्षक म्हणून विचारत होता की आणखी कसा, ते कॅझला कळलं नाही. "व्हायचं. आजारी पडायची माणसं." "मग गाड्यांचं काय करायचे?"

"काही नाही. जायच्या तशाच," कॅझ म्हणाला. "लाइन थांबवत नसत कुणासाठी."

मर्लने पाटी छातीशी धरली, पेन्सिल बराच वेळ कागदावर टेकवून ठेवली, आणि लिहिलं की नुसतंच टेकवलं ते दोघांनाही दिसलं नाही. "दिवे बघू," तो म्हणाला. "बस आत." कॅझ गाडीत बसला. सीट उन्हाने तापली होती. त्याने पुढचे दिवे लावले, विझवले, डावीकडचा, उजवीकडचा. मर्ल गाडीच्या मागे गेला. "ब्रेक." कॅझने पाय दाबला. समोर उभ्या बॉनेटमुळे काचेतून काही दिसत नव्हतं, नुसता जांभळा पत्रा. "ठीक आहे," मागून मर्ल म्हणाला. मग थोड्या वेळाने, "झालं, कॅझ." डेरिक खिडकीशी आला आणि दारावर हात ठेवून वाकला. "काका, झालं म्हणतायत ते." कॅझने मान हलवली. त्याला ऐकू आलं होतं. पेडल तळापर्यंत गेलेलं होतं आणि त्याचा पाय त्यावर तसाच होता, पोटरी भरून आली होती, आणि तो पाय उचलत नव्हता.